जलाशयाकाठचा मुक्काम

हिवाळा लागला, की महाराष्ट्रातील जलाशयांच्या काठी अलीकडे एक नवी वर्दळ सुरू होते. पुण्यामुंबईहून किंवा नाशिकहून पहाटे निघालेल्या मोटारी सूर्य कासराभर वर आल्यावर भिगवणच्या किंवा नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्याशी येऊन थडकतात. त्यांतून उतरलेली मंडळी हातभर लांबीच्या भिंगांचे कॅमेरे सरसावतात, होडी ठरवितात, आणि पाण्यात चोच बुडवून चरणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या थव्याकडे ती होडी अशा रीतीने हाकावयास लावतात, की सारा थवा एकाच वेळी उठावा व त्याच्या गुलाबी पंखांचे चित्र आपल्या संग्रही पडावे. तासा-दोन तासांत हे काम उरकते, जेवणवेळेला मंडळी महामार्गावरील खाणावळीत असतात, आणि दिवेलागणीस आपापल्या घरी. एवढ्या धावपळीत पक्षी दिसतात हे खरे, चित्रेही मिळतात, त्यांतील काही नेत्रसुखद असतात हेही मी नाकारीत नाही. परंतु ज्या गोष्टीसाठी पाणथळीच्या काठी जावे ती गोष्ट या मार्गाने हाती लागत नाही, आणि या पाठलागापायी पक्ष्यांना मोजावी लागणारी किंमत मात्र फार मोठी असते, असे माझे स्पष्ट मत आहे. पाणथळीवर जावयाचे ते मुक्कामाला जावे, आणि शासनाने पर्यटनाची जी काही तजवीज करावयाची ती मुक्काम करणाऱ्याला पोषक व पाठलाग करणाऱ्याला प्रतिकूल अशी करावी, एवढेच सांगण्यासाठी हा लेखप्रपंच आहे.

मुक्काम ही आपल्याला परकी गोष्ट नव्हे. वारीची सारी रचनाच मुक्कामांवर उभी आहे. आणि जुन्या अमदानीत जिल्ह्याचे अंमलदार थंडीचे दिवस सुरू होताच डेरे-राहुट्यांसह दौऱ्यावर निघत, एखाद्या आमराईत किंवा तलावाच्या पाळीखाली तळ देत, आणि दिवसा जमाबंदीचे व फिर्यादींचे काम पाहून सकाळ-संध्याकाळ पाण्याकाठी फिरत. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना 1883 साली झाली, आणि तिच्या नियतकालिकाच्या आरंभीच्या खंडांत पक्ष्यांविषयीची जी टिपणे आढळतात त्यांतील कितीतरी अशा दौऱ्यावरील अधिकाऱ्यांनी लिहिलेली आहेत. त्यांच्या हाती बंदूकही असे, हे विसरता येत नाही; तथापि एका ठिकाणी चार दिवस राहिल्यामुळे पाखरांचा जो परिचय घडतो, तो त्या टिपणांच्या ओळीओळींतून जाणवतो.

अमेरिकेत या मुक्कामाला चाके लागली. तेथे ज्या वाहनाला आरव्ही म्हणतात, त्यात निजावयाच्या फळ्या, लहानसा ओटा, पाण्याची टाकी व न्हाणी अशी सर्व व्यवस्था असते, आणि तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही सुटीत असे वाहन भाड्याने घेऊन राष्ट्रीय उद्याने पाहावयास निघतात. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाशी, 1947 साली स्थापन झालेल्या एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात, फ्लेमिंगो नावाचे एक ठिकाण आहे. तेथील तळावर वाहन लावावे, आणि पहाटे तिपाई खांद्यावर टाकून चालत निघावे, तो जवळच इको पॉण्ड नावाचे एक छोटे तळे लागते. तळे नैसर्गिकही नाही, माणसाने खोदलेले आहे. प्रदक्षिणा घालावयाची म्हटली तर किलोमीटरभराचेही अंतर होत नाही. पण गुलाबी चमचे, पांढरे शराटी, बगळे आणि पाणकोंबड्या यांची तेथे ये-जा असते, आणि मुक्कामाला आलेला मनुष्य दररोज त्याच तळ्याला त्याच वाटेने फेरी घालीत असल्यामुळे कोणता बगळा कोणत्या फांदीवर उतरतो हे त्याला दोन-तीन दिवसांत अवगत होते. कोठे जावयाचे नसते, काही गाठावयाचे नसते. चहा वाहनातच होतो, दुपारची झोपही तेथेच होते, आणि प्रकाश उतरू लागला की पुन्हा तळ्याकाठी जाता येते.

या स्वस्थतेमागे एका मनुष्याचे रक्त आहे, हे येथे सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्रियांच्या टोप्यांवर बगळ्यांची पिसे खोवण्याची चाल पाश्चात्त्य देशांत इतकी फोफावली होती, की विणीच्या हंगामात सबंध सारंगागारे, म्हणजे बगळ्यांच्या विणीच्या वसाहती, गोळ्या घालून ओस पाडली जात, आणि पिसांचा भाव सोन्याशी स्पर्धा करी. त्या कत्तलीला आळा घालण्यासाठी याच फ्लेमिंगो वस्तीत 1902 साली गाय ब्रॅडली यांची पक्षिरक्षक म्हणून नेमणूक झाली, आणि 1905 च्या जुलैत पिसांच्या शिकाऱ्यांना अडवावयास गेले असता त्यांचा गोळी घालून खून झाला. मधल्या काळात, 1903 साली, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याच फ्लोरिडातील पेलिकन बेट पक्ष्यांसाठी राखून ठेविले होते. अमेरिकेतील राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांची मालिका तेथून सुरू झाली. आज त्या किनाऱ्यावर निर्धास्त बसून जो कोणी बगळ्याचे चित्र घेतो, तो या इतिहासाचा ऋणी आहे.

ऋणाची ही जाणीव तिकडील नियमांत उतरलेली दिसते. राष्ट्रीय उद्यानांत रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत अवाजवी आवाज करण्यास कायद्यानेच मनाई आहे. न्यू मेक्सिकोत रिओ ग्रांदे नदीकाठी 1939 साली स्थापन झालेले बोस्के देल अपाचे हे आश्रयस्थान क्रौंचांच्या हिवाळी वास्तव्याबद्दल प्रसिद्ध आहे; उथळ पाण्यात उभ्याने रात्र काढलेले हजारो क्रौंच पहाटे उठतात तो देखावा पाहावयास लोक दूरदूरच्या प्रांतांतून आपली चाकांवरची घरे घेऊन येतात; परंतु सर्वसाधारण प्रवाशास खुद्द आश्रयस्थानाच्या हद्दीत रात्री राहण्याची मुभा नाही. त्याने हद्दीबाहेरच्या तळावर राहावे आणि पहाटे आत यावे, असा शिरस्ता आहे. मुक्काम हवा, पण तो पाण्याला खेटून नको, हा या व्यवस्थेचा मथितार्थ आपण नीट ध्यानी घेण्याजोगा आहे.

आता, मुक्कामाने असे काय साधते, जे रविवारच्या धावत्या भेटीने साधत नाही, याचे उत्तर पाण्यातील प्रतिबिंबापाशी सर्वांत स्वच्छ मिळते. पाणी आरसा होते ते अगदी थोड्या वेळापुरते. रात्रभर जमीन निवत जाते, तिच्या लगतची हवा थंड व जड होऊन खाली बसते, वारा पडतो, आणि उजाडण्याच्या सुमारास जलाशयाचा पृष्ठभाग काचेसारखा निश्चल होतो. ऊन तापू लागले की खालची हवा हलकी होऊन वर चढू लागते, वारा जागा होतो, आणि एकदा का पाण्यावर शहारे उठू लागले की आरसा फुटला असे समजावे. शहरातून पहाटे निघालेला मनुष्य काठावर पोहोचतो तो नेमका आरसा फुटल्यानंतर. ज्याने रात्री जवळपास पाठ टेकली असेल, त्यालाच ती वेळ मिळते.

शिवाय त्या आरशाला स्वतःचा असा एक कायदा आहे. उभे राहून सरळ खाली पाहिले, तर पाण्यावर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा दोनच्या आसपासच प्रकाश डोळ्याकडे परत येतो, बाकीचा पाण्यात उतरतो, आणि आपल्याला गाळ व शेवाळ दिसते. दृष्टी जसजशी पाण्याच्या पातळीकडे उतरत जाईल, तसतसा परतणाऱ्या प्रकाशाचा हिस्सा वाढत जातो. म्हणून प्रतिबिंबाचे चित्र घेणाऱ्याने खाली बसावे, किंबहुना चिखलात पालथे पडावे, आणि आकाश अधिक निळे दिसावे म्हणून भिंगावर चढविलेली ध्रुवक काच काढून ठेवावी, कारण ती काच नेमके प्रतिबिंबच खाऊन टाकते. दुसरी गोष्ट अशी, की पक्षी पाण्यावर जितका उंच, तितकेच खोल त्याचे प्रतिबिंब पाण्याखाली असते; तेव्हा पृष्ठभागावर तरंगणाऱ्या पानावर नाभी साधली तर पक्षी आणि प्रतिबिंब दोन्ही पुसट येतात, आणि पक्ष्यावर साधली तर दोन्ही स्पष्ट उमटतात. आणि प्रतिबिंब ही काही पक्ष्याची उलटी नक्कल नसते: आपला डोळा जणू पाण्याखाली तितक्याच खोल जाऊन वर पाहत असावा, अशी ती दुसरीच बाजू असते. काठावरून पाहताना बगळ्याच्या पंखांचा राखी वरचा भाग दिसत असेल, तर त्याच क्षणी पाण्यात त्याच्या पोटाखालची उजळ पिसे दिसतात.

शेकाट्या या पक्ष्याचे उदाहरण घेऊ. अंग पांढरे, पंख काळे, सुईसारखी सरळ चोच आणि शरीराच्या मानाने अतोनात लांब असे लालसर गुलाबी पाय, असे हे पाखरू घोटाभर पाण्यात उभे राहिले म्हणजे त्याच्या पायांखालून दुसरे तितकेच लांब पाय फुटतात, आणि पक्षी कोठे संपला व पाणी कोठे सुरू झाले हे क्षणभर कळेनासे होते. तो वाकतो, चोचीचे टोक खाली येऊ लागते आणि प्रतिबिंबातील चोच वर येऊ लागते, दोन्ही टोके बरोबर पृष्ठभागावर एकमेकांस भिडतात, आणि त्या स्पर्शबिंदूतून एक बारीक वलय निघून पसरत जाते. वलय पसरते तसे प्रतिबिंबातील पायांचे आधी वाकडेतिकडे, मग तुटक तुकडे होतात, अंगाची पांढरी आकृती ताणली जाऊन पट्ट्यापट्ट्यांची होते, आणि वर मात्र पक्षी जसाच्या तसा असतो. पाणी पुन्हा निवळावयास काही क्षण लागतात, तोवर त्याने दुसरे पाऊल उचललेले असते. हे सारे पाहावयास पाठलाग उपयोगी नाही. आपण आधी येऊन बसलेले असले पाहिजे, आपल्या असण्याची पक्ष्याला सवय झालेली असली पाहिजे, आणि तो आपल्या कामासाठी आपल्या समोर आला पाहिजे. मागच्या काठावर बाभळी असतील तर त्यांच्या सावलीने पाणी काळसर होते आणि त्यावर पांढरा पक्षी लखलखतो. पण ती सावली कोणत्या घटकेला कोठवर येते, हे समजावयास एक सकाळ फुकट घालवावी लागते. जो मुक्कामाला आहे, त्यालाच सकाळ फुकट घालविणे परवडते.

याउलट, पाठलागाने पक्ष्याचे काय होते? मध्य आशियातून, सैबेरियातून, हिमालय ओलांडून जी बदके व जे हंस येथे येतात, ते येथे चरून अंगी चरबी साठविण्यासाठी येतात. मार्च-एप्रिलात परतीची वाट धरावयाची ती त्या शिदोरीवर. प्रत्येक वेळी उडविल्यावर ही शिदोरी थोडी खर्च होते, आणि दिवसातून दहा होड्यांनी दहा वेळा उडविले तर चरावयाचा वेळही जातो व साठाही घटतो. काठाच्या खडीवर अंडी घालणाऱ्या टिटव्या व नदीसुरय यांची घरटी पायदळी जातात ती निराळीच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे याचा अंतर्भाव शिकारीच्या व्याख्येतच केलेला आहे, ही गोष्ट कॅमेरा हाती घेणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगितली गेली पाहिजे. कुरव पक्ष्यांनी होडीभोवती गर्दी करावी म्हणून त्यांच्यापुढे फरसाणाच्या मुठी उधळणे हाही त्याच वृत्तीचा दुसरा अवतार. त्यात भूतदया नाही, फक्त चित्राची घाई आहे.

नांदूरमध्यमेश्वर येथे मुक्कामाचे महत्त्व विशेष पटते. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी जो दगडी बंधारा घालण्यात आला, त्यात वर्षानुवर्षे गाळ साचत गेला. पाटबंधाऱ्याच्या हिशेबाने हे नुकसानच, परंतु त्या गाळातून बेटे, उथळ डबकी व पाणकणसाची राने निर्माण झाली, आणि पक्ष्यांना जे हवे होते ते आयते मिळाले. 1986 साली तेथे अभयारण्य जाहीर झाले, आणि 2019 साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून नोंद होण्याचा मान महाराष्ट्रात प्रथम या स्थळाला मिळाला. चापडगावच्या बाजूस मनोरे आहेत, स्थानिक तरुण मार्गदर्शनाचे काम जाणतेपणाने करतात. तलवार बदके, चक्रवाक, चित्रबलाक, चमचे, हळदीकुंकू बदके, जांभळ्या पाणकोंबड्या, असा तेथील परिवार एका सकाळीत ओळखून होत नाही, आणि होऊही नये.

राज्य शासनाने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले, आणि फिरत्या घरांना व त्यांच्या तळांना नोंदणीची व सवलतींची वाट मोकळी करून दिली. धोरणाचे मी मनापासून स्वागत करतो. काठावर सिमेंटचे विश्रामधाम उभे राहण्यापेक्षा, आज आले व उद्या निघून गेले असे वाहन शतपटीने बरे. परंतु त्यातच एक धोका दडलेला आहे. 2017 च्या पाणथळ नियमांनी संरक्षित पाणथळींच्या पूररेषेपासून पन्नास मीटरांच्या आत कायम स्वरूपाच्या बांधकामास मज्जाव केला आहे. चाकांवरचे घर हे कायम बांधकाम नव्हे, तेव्हा अक्षरार्थाने पाहिले तर ते थेट पाण्याशी नेऊन उभे करण्यास हा नियम आडवा येत नाही. त्याहून गंभीर बाब ही, की सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्या नियमांच्या व्याख्येतूनच वगळलेले आहेत. नांदूरमध्यमेश्वरला रामसरचे छत्र आहे. पण भीमेवर बांधलेल्या उजनी धरणाचा भिगवणकडील फुगवटा, ज्यावर रोहितांचे थवे उतरतात, त्याला ते नाही.

आणि पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांनाही नाही. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या मुलुखांत हजारो तलाव बांधले. त्यांतील नवेगावबांध हा अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे तेथील जमीनदारीची पद्धत, संपुष्टात आली, तलाव सरकारजमा झाले, आणि ज्यांनी पाळी राखावयाच्या, सांडवे साफ करावयाचे, त्यांचा हक्क आणि आस्था दोन्ही ओसरली. आज महाराष्ट्रात सारस पक्षी उरला आहे तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातील याच तलावांच्या व धानाच्या बांध्यांच्या आश्रयाने. दिवंगत मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला वर्षानुवर्षे वास्तव्य केले, आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच त्या दीर्घ मुक्कामाची कबुली आहे. पाण्याकाठी राहिल्यावाचून ते लेखन संभवलेच नसते. अशा तलावांकाठी उद्या फिरत्या घरांचे तळ पडू लागले, तर त्यांतून ढिवर, कोहळी, गोंड कुटुंबांच्या हाती चार पैसे यावेत व सारसाच्या घरट्याला धक्का लागू नये, या दोन्ही गोष्टींचा बंदोबस्त आधी झाला पाहिजे.

काही जण म्हणतील, की कॅरॅव्हॅन हा श्रीमंतांचा शौक आहे. आक्षेप खोटा नाही. भाडे सर्वसामान्यांना पेलणारे नाही हे मलाही दिसते. पण माझा आग्रह वाहनाविषयी नसून मुक्कामाविषयी आहे. ज्याला वाहन परवडते त्याने ते आणावे, इतरांनी गावातील एखाद्या घरची पडवी घ्यावी, शेतकऱ्याच्या मळ्यात तंबू ठोकावा. स्थिर उभ्या वाहनाचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे: उभ्या मनुष्याची आकृती पाहताच जे पक्षी दूर सरकतात, ते स्तब्ध वाहनाला बहुधा जुमानीत नाहीत, आणि त्याच्या खिडकीतून मिळणारे दर्शन पायी फिरणाऱ्याला सहसा मिळत नाही.

तेव्हा मागणी आहे ती अशी. तळ पाण्यापासून निदान अर्धा किलोमीटर दूर, गावठाणाच्या बाजूस असावा, आणि ही अट जलाशय सिंचनाचा आहे की रामसरचा, याचा विचार न करता सर्वत्र लागू व्हावी. रात्री जनरेटर, ध्वनिवर्धक आणि पाण्याच्या दिशेचे प्रखर दिवे पूर्णतः बंद असावेत, कारण बदकांच्या अनेक जाती रात्रीच चरतात आणि आपण ज्याला शांत रात्र म्हणतो तो त्यांचा कामाचा प्रहर असतो. सांडपाणी आणि मैला टाकण्याची सोय असल्याशिवाय कोणत्याही तळाची नोंदणी होऊ नये. आणि होडीचे भाडे फेरीगणिक न घेता बैठकीच्या तासांवर ठरवावे. होडीवाल्यांना मी दोष देत नाही; आज जो जास्त फेऱ्या मारील, जो थवा जवळून उडवून दाखवील, त्यालाच जास्त मिळते, हा दरपत्रकाचा दोष आहे. तीन तास पाणकणसाच्या आडोशाला होडी स्थिर राखणाऱ्या नावाड्याला तीन फेऱ्यांहून अधिक मोबदला मिळू लागला, तर पक्ष्यांचे रक्षण करावयास निराळा पहारेकरी नेमण्याची गरज फारशी उरणार नाही, कारण पाणी आणि पाखरे त्याच्याइतकी कोणालाच माहीत नसतात.

यांतील एकाही गोष्टीला मोठ्या निधीची किंवा नव्या कायद्याची आवश्यकता नाही. तळांची अट नोंदणीच्या अर्जात घालता येते, दिव्यांचा आणि आवाजाचा निर्बंध जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकुमाने होऊ शकतो, आणि होड्यांचे दर ग्रामपंचायत व होडीचालक एकत्र बसून ठरवू शकतात. परदेशी पाखरे ऑक्टोबराच्या अखेरीपासून उतरू लागतात. वन विभाग, पाटबंधारे खाते आणि पर्यटन संचालनालय यांनी गणेशोत्सव आटोपताच नाशिक, पुणे, सोलापूर व गोंदिया या चार जिल्ह्यांपुरती जरी ही तजवीज हाती घेतली, तरी ती येत्या हंगामातच अमलात येऊ शकेल.